गडाखालची रांग

ट्रिपवाले भाऊ गडाच्या दरवाजातून कधी आत गेले नाहीत. चंद्रपूरहून माणसे घेऊन ते वर्षानुवर्षे त्या गडावर जात होते. हिवाळ्यात तर जवळजवळ दर रविवारी. गाडी ते दरवाजापासून बरीच अलीकडे, पळसाच्या सावलीत उभी करत. उभी करण्याआधी तिचे तोंड परतीच्या दिशेला वळवून घेत. मग खाली उतरून बॉनेट उघडत आणि प्रवाशांना सांगत, "जा, पाहून या. तवापर्यंत माही गाडी थंडी होते." कोणी फारच आग्रह केला तर त्यांचे ठरलेले उत्तर असे : "गड कुठी जात नाई वो. गाडी चोरीले जाते." त्या जंगलात गाडी चोरणारे कोणी नव्हते. भाऊंना ते माहीत होते, प्रवाशांनाही कळत होते. लोक हसत आणि पुढे जात.

त्यांना आईवडिलांनी ठेवलेले नाव होते, पण जटपुरा गेटजवळच्या गाडीवाल्यांत आणि आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत ते ट्रिपवाले भाऊच होते. आधी ते काळी-पिवळी चालवत, नंतर त्यांनी स्वतःची जुनी जीप घेतली. नागपूर-पुण्याकडून कोणी पाहुणा आला, जंगलात त्याला वाघ दिसला नाही आणि त्याच्या हाताशी एक दिवस उरला, की त्याला गड दाखवून आणायचा अशी कचेरीची पद्धत होती. सोबतीचे काम बहुधा माझ्याकडे येई. गडाचे नाव येथे दिलेले नाही. ते छापले जाऊ नये अशी भाऊंची इच्छा होती. तो वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली ओलांडल्यावर लागणाऱ्या जंगलात आहे आणि गोंड राजांच्या काळातला आहे. सकाळी निघालेला माणूस तो पाहून दिवेलागणीपर्यंत चंद्रपुरात परत येतो. एवढी माहिती पुरेशी आहे.

गाडी चालवताना भाऊ सतत बोलत. लोहाऱ्याचे जंगल सुरू झाले की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी विचारले, "इथे वाघ आहेत का हो?" भाऊ म्हणाले, "हायेत न. पण आज रविवार हाये." प्राध्यापकांना ते पटल्यासारखे वाटले. एका बाईंनी गडावर मोबाईलला रेंज मिळते का अशी चौकशी केली. "नाई मिळत," भाऊ म्हणाले, "राजाले बी नव्हती. तरी राज्य चाललं." वाटेत मूल गावी भजी खायला थांबल्यावर मात्र ते गप्प होत. हॉटेलात बसून खाण्याऐवजी गाडीच्या दाराला टेकून, उभ्याउभ्या खात. पाहुण्यांनी टाकलेली कागदाची पुडकी गोळा करून सीटखालच्या पिशवीत भरत. त्यांच्या जीपमधून जाणाऱ्या कोणीही जंगलात दुसऱ्यांदा कचरा फेकला नाही, कारण फेकला तर ते काही न बोलता गाडी थांबवत, उतरून तो उचलत आणि पुन्हा काही न बोलता गाडी सुरू करत. याचा परिणाम बोलण्यापेक्षा जास्त होई.

एक सवय मात्र कोणाला समजत नव्हती. समोर दगड भरलेला ट्रॅक्टर दिसला की ते त्याला ओलांडत नसत. रस्ता मोकळा असला, मागचे वाहन भोंगा वाजवत असले, तरी ट्रॅक्टरच्या मागे, बरेच अंतर ठेवून, त्याच्याच गतीने चालत. घाईतल्या पाहुण्यांची चुळबुळ सुरू होई. "जाऊ द्या त्याले," भाऊ म्हणत, "ओझं हाये त्याच्याजवळ." ट्रॅक्टर दुसरीकडे वळेपर्यंत त्यांचे बोलणेही बंद असे.

गडाच्या दरवाजाबाहेर एका मोहाखाली मैनाबाई बसत. पायथ्याच्या गोंडवस्तीत त्यांचे घर होते. वय झालेले, पाठ वाकलेली, नजर चांगली. ऋतूप्रमाणे बोरे, टेंभरे, चारोळी पानांच्या द्रोणांत घालून त्या विकायला ठेवत. भाऊ गाडीजवळून एवढ्याच कामासाठी पुढे येत. दरवेळी मैनाबाईंकडून दोन-तीन द्रोण घेत. घासाघीस करत नसत, आणि घेतलेले स्वतः खात नसत; पाहुण्यांना वाटून टाकत. मैनाबाई इतरांच्या हातात द्रोण देत. भाऊंचा द्रोण जमिनीवर ठेवत आणि भाऊ तो वाकून उचलत. मी हे अनेकदा पाहिले होते. ही इकडची काही रीत असावी, असे समजून सोडून दिले होते.

एका हिवाळ्याच्या शेवटी नागपूरच्या कचेरीतली एक तरुण उपसंपादक आली. तिला गडापेक्षा गडाबाहेरच्या गोष्टींत जास्त रस होता. मोहाच्या मागे एका रांगेत उथळ खड्डे होते, पालापाचोळ्याने अर्धे बुजलेले. आम्ही त्यांना ओलांडून शेकडो वेळा गेलो असू. तिने मैनाबाईंना विचारले, "आजी, इथे काय होतं?"

"माणसं होते," मैनाबाई म्हणाल्या.

"माणसं?"

"माहा सासरा. माहा माणूस. दीर. चुलतसासरा. उभे होते इथी. ट्रॅक्टरनं नेले."

मुलगी हसली. काही भुताखेताची गोष्ट असावी असे तिला वाटले. "उभे होते म्हणजे? पुतळे?"

"दगड. आमच्यात माणूस मेला का त्याच्या नावाचा दगड उभा करतेत. थो खूश असला का दगड वाढते."

"दगड कसा वाढेल, आजी?"

"मातीत असला तं वाढते. तलावाच्या पाळीत नेऊन टाकला तं कायले वाढंल?" मैनाबाई द्रोण सारखे करत म्हणाल्या. "आता मले काळजी हाये. बाईचा दगड तिच्या माणसाच्या बाजूले लागते. माह्या माणसाचाच पत्ता नाई. मी मेली तं पोरं मले कुठी उभी करतीन?"

"पण नेले कोणी?"

"नेणाऱ्याले इचार."

भाऊ तिथेच होते. त्यांच्या हातात बोरांचा द्रोण होता. मैनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. भाऊंनी द्रोण मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, "चला मॅडम, ऊन चढून राह्यलं." ऊन तसे नव्हते.

परतताना मुलगी मागच्या सीटवर झोपली. वैनगंगेचा पूल आला तेव्हा भाऊंनी गाडी हळू केली आणि समोर पाहत बोलायला सुरुवात केली. गडाच्या दुसऱ्या बाजूला, तलावाकाठी, मासे धरणाऱ्या ढिवरांचे गाव आहे. ते त्यांचे गाव. तरुणपणी ते एका ठेकेदाराचा ट्रॅक्टर चालवत. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, आतून दगड लावायचे काम निघाले. ठेकेदाराने गडाच्या पडक्या भिंतीचे दगड आणायला सांगितले. ते संपत आले तेव्हा मोहाखालच्या रांगेकडे बोट दाखवले.

"म्हणे, उचल, कोणाच्या बापाचे हायेत?" भाऊ म्हणाले. "म्या समजलो, गडाचेच असतीन. नेले पाळीवर. त्याच सालात गाव सोडलं अन् चंद्रपुरात आलो. मले वाटे बाईले माहीत नाई का थो ट्रॅक्टरवाला मीच होय म्हणून."

"त्यांना माहीत आहे," मी म्हणालो.

"हो न. आज समजलं. इतके वर्ष द्रोण खाली ठेवून राह्यली होती." नंतर म्हणाले, "पेपरात टाकू नोका, भाऊ. गडाचं नाव आलं का लोकं खड्डे पाहाले येतीन. बाई बसते तिथी."

बातमी दिली नाही.

मे महिन्यात भाऊंचा फोन आला. रविवारी येता का, पाहुणे नाहीत, ट्रिप नाही, फक्त आपण दोघे. ते मला त्यांच्या गावी घेऊन गेले. तलाव आटत आला होता. मधल्या डबक्यात गावची माणसे गुडघाभर चिखलात उतरून उरलेली मासोळी पकडत होती. भाऊ कोणाला काही न बोलता पाळीच्या आतल्या उतारावर उतरले आणि दगड पाहत चालू लागले. चिखल लागलेला प्रत्येक लांब दगड ते गळ्यातल्या दुपट्ट्याने पुसत, पाहत आणि पुढे जात. गडाचे दगड घडीव होते, चौकोनी. ते ज्याच्यापाशी थांबले तो घडीव नव्हता. लांबट, खडबडीत, एका टोकाला निमुळता, आडवा पडलेला. भाऊंनी जीपमधून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली आणि दगडाच्या खाली घातली.

डबक्यातून त्यांचा चुलतभाऊ शामराव ओरडला, "काय गा, पाळ फोडतं काय? चंद्रपूरच्या धुळीनं डोस्कं फिरलं काय तुहं?"

"सोनं असंल बे त्याच्याखाली!" दुसरा कोणी म्हणाला. सगळे हसले.

"ऐकत काऊन नाई?" शामराव जाळे हातात घेऊन वर आले. "पावसाळ्यात पाणी निघून गेलं तं मासोळी काय तुह्या जीपीत पाळाची?"

भाऊ सब्बल टेकवून उभे राहिले. "हा गडाचा दगड नाई, शामराव. मैनाबाईच्या घरचा माणूस होय."

हसणे बंद झाले. शामराव म्हणाले, "तू तं सांगत होता, गडाचे समजून आणले म्हणून."

"खोटं सांगत होतो." भाऊंचा आवाज मोठा नव्हता, पण तलावात पाणी नसल्यामुळे तो सगळीकडे ऐकू जात होता. "लहानपणी बाप मले तिकडून बजारात नेत जाय. रांग आली का हात धरे. म्हणे, बाजूनं चाल, त्यायच्या सावलीवर पाय देऊ नोको. मले माहीत होतं ते काय होय. ठेकेदाराले नाई म्हणाची हिंमत झाली नाई. माणसं उपटून ट्रालीत भरले म्या."

मला त्यांनी पुलावर सांगितलेली हकिकत खोटी होती, हे मला असे समजले. भाऊंनी माझ्याकडे पाहिले नाही.

नंतर शामरावांनी जाळे पाळीवर ठेवले. "तुह्याच बापानं सांगतलं होतं काय?" ते म्हणाले. "माह्या बी बापानं सांगतलं होतं. साऱ्यायच्याच. पाळीवर दगड आले त्या दिवशी आमी पाह्यले नाई काय? माही बायको आजवर ह्याच दगडावर लुगडे आपटते." त्यांनी सब्बल भाऊंच्या हातातून घेतली. चिखलातली माणसे एकेक करून वर आली. निघालेल्या जागी दुसरा दगड बसवून माती चोपली. दगड न्यायला कोणीतरी ट्रॅक्टरचे नाव काढले, आणि लगेच स्वतःच म्हणाला, "नाई, बंडी आणा." बैलबंडी आली. दगडाखाली भाताची तणस अंथरली. इतर दगडांचा त्यांनी संध्याकाळपर्यंत शोध घेतला. दुसरा सापडला नाही.

बंडी गोंडवस्तीत पोचली तेव्हा मैनाबाई अंगणात होत्या. त्यांचा पुतण्या दसरू याने दगड उतरवायला माणसे बोलावली. भाऊ हात लावायला पुढे झाले, तर दसरूने त्यांना थांबवले. "तुमी नोका, भाऊ. हे काम सोयऱ्यायचं असते." भाऊ मागे सरले. मैनाबाईंनी दगडावरून हात फिरवला, निमुळते टोक चाचपले आणि दसरूला गोंडीत काही सांगितले. मग मराठीत म्हणाल्या, "हा माहा सासरा होय."

दसरूने विचारले, "बाकीचे?"

"गाळात गेले असतीन. काही फोडले होते," भाऊ म्हणाले.

"माह्या माणसाचा?" मैनाबाई म्हणाल्या.

एवढ्याचसाठी भाऊ आले होते आणि एवढेच उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. किंवा होते. ते खाली पाहत म्हणाले, "रांगेत शेवटी होता थो?"

"हो."

"थो फोडला, बाई. घणानं. ट्रालीत बसत नव्हता."

दसरू एक पाऊल पुढे आला होता. मैनाबाईंनी त्याला हातानेच मागे केले. मग त्यांनी जे विचारले त्याची कोणालाच अपेक्षा नव्हती.

"फोडला तवा केवढा होता?"

भाऊंनी वर पाहिले.

"माहा माणूस गेला अन् म्या पोरीकडं गेली, तेलंगणात. वापस आली तं रांग नव्हती," मैनाबाई म्हणाल्या. "उभा केला तवा माह्या कमरेएवढा होता. मंग म्या पाह्यलाच नाई. तू पाह्यला. केवढा झाला होता?"

भाऊंनी उजवा हात उचलला. तो कमरेपाशी आला, तिथे किंचित थांबला आणि वर गेला. तळवा छातीपाशी आडवा धरून ते म्हणाले, "एवढा."

मैनाबाईंनी त्या हाताकडे नीट पाहिले. नंतर त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिले. "मंग खूश होता," त्या म्हणाल्या, आणि दसरूला सांगितले, "पाह्यलं? खूश होता तुहा काका." भाऊंना बसायला खाट टाकली, पाणी दिले. भाऊ उभे राहूनच पाणी प्यायले.

परतीच्या वाटेवर ते दोनच वाक्ये बोलले. पहिले सावली गावाच्या अलीकडे : "कमरेएवढाच होता, भाऊ." दुसरे मूल गाव मागे पडल्यावर : "माफी मागाले गेलो, अन् आखीन एक खोटं बोलून आलो."

मी म्हणालो की त्या बाईंना बरे वाटले. भाऊंनी मान हलवली. तो होकार होता की नकार, ते सांगता येणार नाही.

त्यानंतरही ते गडावर ट्रिपा नेत राहिले, पण पूर्वीसारखे बोलत नसत. मैनाबाई आता त्यांना बोलावून घेत. द्रोण जमिनीवर न ठेवता हातात देत. पाहुण्यांना भाऊंकडे बोट दाखवून सांगत, "यानं पाह्यला होता माह्या माणसाचा दगड. एवढा होता," आणि छातीपाशी हात धरत. पाहुणे भाऊंकडे कौतुकाने बघत. भाऊ गाडीकडे जात, बॉनेट उघडत आणि गाडी थंड असली तरी आत वाकून राहत. मी त्यांना एकदा म्हणालो की खरे सांगून टाका. ते म्हणाले, "कोणतं खरं? तिच्या माणसाले सुखी केलं म्या. आता दुखी करू काय?" हे बोलताना त्यांचा चेहरा, लोक भांडताना करतात, तसा झाला होता. भांडण माझ्याशी नव्हते.

दोन हिवाळ्यांनंतर मैनाबाई गेल्या. धान निघाल्यावर त्यांचा दगड उभा करायचे ठरले. आमंत्रण द्यायला दसरू स्वतः बसने चंद्रपूरला आला. "मले कायले?" भाऊ म्हणाले. "आमी तुमचे सोयरे नाई, भाऊबंद नाई."

"बाईनं सांगून ठेवलं हाये," दसरू म्हणाला. "ट्रिपवाल्याले बलावा म्हणे. तुमी नाई आले तं आमच्यावर बोल यील."

आम्ही गेलो. दगड डोंगरातून आणायचा होता. मोहामागे सासऱ्याचा दगड परत जागेवर उभा होता, त्याच्या शेजारी नवऱ्याचा खड्डा रिकामा होता आणि त्याच्या बाजूला नवा खड्डा खोदलेला होता. आम्ही पोचलो तेव्हा सोयऱ्यांची माणसे दगड बांबूंना दोराने बांधून उतारावरून आणत होती. दगड त्यांना पेलत नव्हता. दर थोड्या अंतरावर ती थांबत, खांदे बदलत आणि पुन्हा उचलत. वळणावर एका बाजूचा दोर सुटला; एकाच्या बोटांवर भार आला आणि रक्त निघाले. त्याने बोटे मातीत दाबली आणि पुन्हा खांदा दिला.

"एवढा मोठा काऊन?" शामरावांनी विचारले. तेही गावातल्या काही जणांना घेऊन आले होते. "बाईमाणसाचा इतका मोठा राह्यते काय?"

"नाई राहात," दसरू म्हणाला. "पण बाईनं बजावलं होतं. माह्या माणसाचा छातीएवढा होता, मले त्याच्या बाजूले तेवढाच पाह्यजे, कमी नोको. जमिनीखालचा भाग धरून एवढा आणा लागला." त्याने भाऊंकडे पाहिले. "बरं झालं, तुमी माप सांगतलं. नाई तं आमाले काय माहीत?"

ओझ्याच्या माणसांमागे, बरेच अंतर ठेवून, त्यांच्याच गतीने भाऊ मोहापर्यंत चालत आले. दगड उभा झाला. भाऊंच्या छातीला लागेल एवढा. त्याच्या शेजारी सासऱ्याचा दगड लहान दिसत होता, आणि मधला खड्डा तसाच होता.

नंतर तिथेच पंगत बसली. भाऊ टोकाला, चपलांजवळ बसले होते. दसरूने त्यांना उठवून मधोमध नेले, स्वतःच्या शेजारी. पत्रावळीवर भात आला, बकऱ्याचा रस्सा आला. लोक भुकेले होते. सकाळपासून दगड वाहत होते. जेवणे भराभर उरकली. भाऊंचा पहिला घास तोंडातच होता.

पंगतीत कोणी उठले नाही. उष्टे हात गुडघ्यांवर ठेवून माणसे बसून राहिली. ज्याची बोटे चेचली होती त्याने त्यांना फडके बांधले होते. तो डाव्या हाताने जेवला होता आणि तोही थांबला होता. पलीकडून कोणीतरी म्हणाले, "अवो ट्रिपवाले भाऊ, जेवा न! हात वाळून राह्यले आमचे." सगळे हसले. लहान मुलेही हसली. त्या हसण्यात राग नव्हता.

"दसरू," भाऊ हळूच म्हणाले, "मले एक सांगाचं हाये."

"जेवल्यावर सांगा," दसरू म्हणाला. "तुमी उठल्याबिगर पंगत उठत नाई. आज तुमी बाईचे पाहुणे हा."

भाऊंनी मान खाली घातली आणि जेवायला लागले. भात कालवत होते, घास करत होते, गिळत होते. मध्ये दोनदा पाणी घ्यावे लागले. त्यांनी पानात काही ठेवले नाही. शेवटचा घास घेतल्यावर ते उठले, आणि त्यांच्यासोबत सगळी रांग उठली. दसरूने त्यांच्या हातावर पाणी घातले. ते संपल्यावर तांब्या हातात धरून तो काही वेळ तिथेच उभा राहिला.

"काय सांगत होते, भाऊ?"

भाऊंनी दुपट्ट्याला हात पुसले. "काई नाई," ते म्हणाले. "रस्सा चांगला झाला."